दामाजींचं कोठार आणि आपली पावती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वसतिगृहात मी चार वर्षं जेवलो. दर महिन्याला प्रत्येक मुलानं घरून ज्वारी आणायची, असा तिथला नियम होता. कोणी चार पायल्या आणायचं, कोणी एक. काहींच्या घरी आणण्यासारखं काही नसायचंच. गुरुजी सगळी ज्वारी एकाच कणगीत ओतायला लावायचे आणि कोणी किती आणली याची वही ठेवायचे नाहीत. भाकरी मात्र सगळ्यांना सारखी. आज मला 'अन्नव्यवस्था' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. हा शब्द मोठा आहे, पण माझ्यापुरता तो त्या कणगीपासून सुरू होतो. धान्य कुठून येतं, कोणत्या भांड्यात साठतं, आणि त्यातून कोणाच्या ताटात काय पडतं?

आपल्या भागात या प्रश्नाची एक फार जुनी गोष्ट आहे. तुम्हाला ती पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो. पंधरावं शतक. मंगळवेढ्यात दामाजीपंत हे बीदरच्या बादशहाचे अधिकारी. दुष्काळ पडला. माणसं झाडांचा पाला खाऊ लागली, आणि सरकारी कोठारं तर धान्यानं भरलेली. दामाजींनी कोठारं उघडली. बादशहाचा हुकूम सुटला: पकडून आणा. दामाजी वाटेत असतानाच विठू नावाचा एक महार बीदरच्या दरबारात गेला, सगळ्या धान्याची किंमत मोजून दिली आणि पावती घेऊन आला. दामाजींना ती पावती पोथीत सापडली, आणि तो विठू कोण होता हे मग कळलं.

यातली कथा किती आणि इतिहास किती, यात मी शिरत नाही. मला या गोष्टीतले तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. कोठार उघडायचं की नाही? कोठारात भरलंय काय? आणि त्याची किंमत मोजली कोणी? पहिल्या प्रश्नावर या देशानं बरंच काम केलं आहे. दुसऱ्यावर फार थोडं. तिसरा तर आपण विचारतच नाही.

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात सांगतो. १९७२ चा दुष्काळ इथल्या अनेकांनी अंगावर काढला आहे. खडी फोडायची कामं, दुपारची सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो. हे ज्यांना आठवतं त्यांना मी काय सांगणार? त्या दुष्काळातून महाराष्ट्रानं रोजगार हमी योजना उभी केली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. माणसानं काम मागावं आणि सरकारनं ते दिलंच पाहिजे, असं कायद्यानं म्हणणं ही लहान गोष्ट नव्हती. पुढे २००१ मध्ये दामाजींचाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. सरकारी गोदामांत धान्य मावत नव्हतं आणि राजस्थानात माणसं उपाशी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयानं सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या मुलांना शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश दिला. २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे.

म्हणजे कोठार उघडलं. पूर्ण नाही. अंगठा उमटत नाही म्हणून रिकाम्या हातानं परतणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचं धान्य गावातच राहून गेलेलंही पाहिलं आहे. पण उघडलं, हे कृतज्ञतेनं मान्य केलं पाहिजे.

मग एक आकडेवारी पाहू. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. उंचीच्या मानानं वजन कमी असलेली, म्हणजे रोडावलेली मुलं २५ टक्क्यांच्या वर. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, रक्तक्षयानं ग्रासलेल्या. आणि हे देशातलं श्रीमंत राज्य! कोठार उघडं आहे, पोट भरतं आहे, मग अंगात रक्त का नाही?

एकच कारण सांगणं चुकीचं ठरेल. लहान वयातलं लग्न, अस्वच्छ पाणी, पोटातले जंत, बाळंतपणातली हेळसांड, घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई, हे सगळं त्यात आहे. पण ताटातलं धान्य आणि ताटात नसलेली डाळ, भाजी, अंडं हेही त्यात आहे. म्हणून दुसरा प्रश्न: कोठारात भरलंय काय?

गहू आणि तांदूळ.

हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. पण जरा थांबा. ज्या मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, ज्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथला कोरडवाहू शेतकरी महिन्याच्या महिन्याला रेशनच्या रांगेत उभा राहून बहुतेक वेळा काय घेऊन येतो? शेकडो कोसांवरून आलेला गहू आणि तांदूळ. देशाच्या कोठारात सगळ्यांत जास्त गहू-तांदूळ घालणाऱ्यांत पंजाब आहे. तिथं भातासाठी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं गेलं की विंधन विहिरी वर्षागणिक खोल न्याव्या लागतात. पंजाबचं पाणी असं खोल जातं, आणि आपल्या काळ्या रानातली ज्वारी, जिला परतीच्या पावसाची ओल पुरते, ती दरवर्षी थोडी थोडी रानाबाहेर जाते.

माझी आजी ज्वारीला जोंधळा म्हणायची. अंगणात पेव होतं. जमिनीत खणलेलं, आतून शेणामातीनं लिंपलेलं. सुगी झाली की त्यात जोंधळा भरायचा, तोंड बंद करायचं, आणि पुढचा पाऊस नीट झाला तरच त्या धान्याला हात लावायचा. वर्षाचं खाऊन वर्षाचं शिल्लक, हा तिचा हिशेब. उघडलेल्या पेवात लगेच उतरायचं नाही, आत वारा कोंडलेला असतो, ही तिची ताकीद मला अजून ऐकू येते. आता त्या जागी मोटारसायकल लावतात.

हे आजीच्या आठवणीनं गहिवरून जाण्यासाठी सांगत नाही. ज्वारी जमिनीला, जनावराला आणि माणसाला एकदम पुरी पडायची, हे मला सांगायचं आहे. उत्तरा-हस्ताच्या सुमाराला पेरायची, फेब्रुवारीत काढायची. मधल्या काळात पाऊस नाही पडला तरी खोल काळ्या जमिनीतल्या ओलीवर ती उभी राहते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात १९३० च्या दशकातली. इतक्या वर्षांनंतर आजही शेतकरी तिला सोडत नाहीत, कारण दाण्याबरोबर ती कडबा देते. कडब्याचा भाव शेकड्यावर ठरतो, आणि कित्येक वर्षी दाण्यानं सोडलेली तूट कडबा भरून काढतो. रानाच्या कडेनं करडईच्या काटेरी ओळी असायच्या. जनावर आत शिरत नसे आणि घरात तेल येत असे. मधे हरभरा, पावसाळी ज्वारीत तूर. भाकरी, डाळ, तेल, वैरण, सगळं एका रानात.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण हल्ली भरडधान्यांचं फार गुणगान होतं. २०२३ हे तर त्यांचं आंतरराष्ट्रीय वर्षच होतं. ज्वारी ही औषधी मुळी नाही. गव्हाचं पीठ कोंड्यासकट खाल्लं तर लोह आणि तंतू यांत ते ज्वारीच्या मागे नाही. फरक आहे तो पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळाशी. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असतं, पॉलिशच्या तांदळात एक मिलिग्रॅमही भरत नाही. नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, तांदळात दहाच्या आत. कोकण-सह्याद्रीत, मेळघाटात, नंदुरबारच्या डोंगरांत नाचणी, वरई, कोदो पिकवणाऱ्या माणसांच्या ताटात आपण काय काढलं आणि काय घातलं, याचा हिशेब या दोन आकड्यांत आहे. ज्वारी एकटी खाल्ली तर तिच्याही प्रथिनांत उणीव आहे. ती डाळीनं भरून निघते. म्हणून तर ज्वारीबरोबर तूर आणि हरभरा पेरणारा शेतकरी आहारशास्त्र न शिकता बरोबर होता.

मग ज्वारी का गेली? लोकांना पोळी आवडू लागली म्हणून? हे उत्तर मी फार ठिकाणी ऐकतो आणि ते मला अर्धवट वाटतं. जे दोन रुपये किलोनं मिळतं आणि मग फुकट मिळतं, ते माणसाला आवडू लागतंच. मजुरांच्या घरातून तर ज्वारी आणखी आधी गेली. सुगीत मजुरी धान्यात मिळायची, त्या घरात वर्षातले काही महिने तरी ज्वारी असायची. मजुरी रोख झाली. ते बरंच झालं, धान्यातल्या मजुरीत जातीची लाचारीही होती. पण रोख पैशात ज्वारी परवडेना आणि रेशनवर ती मिळेना.

आणि शेतकऱ्याच्या बाजूनं? इथं जरा सावकाश जाऊ या, कारण सगळी गोम इथं आहे. शेजारी-शेजारी दोन रानं घ्या. एकात ऊस, दुसऱ्यात ज्वारी. उसाला दर कायद्यानं ठरलेला. २०२५-२६ च्या हंगामाला सव्वादहा टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायला कारखाना बांधील. पैसे थकतात, आंदोलनं होतात, साखर आयुक्तांकडे खेपा घालाव्या लागतात, हे मला ठाऊक आहे. तरी थकलेले पैसे मागायला एक दार आहे, एक कायदा आहे. तोडायला टोळी कारखाना पाठवतो. बँक कर्ज देते. पाखरं उसाचं काही खात नाहीत. आता ज्वारीचं रान. मालदांडीचा हमीभाव त्याच हंगामाला क्विंटलला ३,७४९ रुपये. जाहीर झाला, छापून आला. पण त्या भावानं घ्यायला कोण उभं आहे? एका वर्षी बाजार चढतो, पुढच्या सुगीत सगळ्यांनी ज्वारी पेरलेली असते आणि भाव कोसळतो. काढणीला माणूस मिळत नाही. ज्वारी हातानं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं बायकांनी एकेक खुडायची. तळहात सोलून निघतात. पाखरं राखायची ती वेगळीच.

अशा वेळी उसाकडे वळलेल्या शेतकऱ्याला पाणी-चोर म्हणणं हा अन्याय आहे. त्याला दोन दारं दाखवली. एकामागे गिऱ्हाईक उभं होतं, दुसऱ्यामागे कोणी नव्हतं. तुम्ही कोणतं उघडलं असतं?

पण ऊस जे पाणी पितो त्याचा हिशेब तर मांडावाच लागेल. राज्यातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी चारेक टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा सगळ्यांत मोठा वाटा तो एकटा घेतो, हे सरकारच्याच समित्यांनी पुन:पुन्हा लिहून ठेवलं आहे. अडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. आपल्या डोळ्यांसमोर उजनी आहे, ११७ टीएमसीचं धरण. आणि त्याच जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावं पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडत आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं. ते लातूरही उसाचाच जिल्हा.

इथं तिसरा प्रश्न येतो. किंमत कोणी मोजली?

दामाजींच्या गोष्टीत धान्याची किंमत मोजायला देव आला तो विठू महार होऊन आला. मला ही या गोष्टीतली सगळ्यांत खोल जागा वाटते. ज्यानं ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याला ठाऊक होतं की शेवटी किंमत गावकुसाबाहेरचा माणूसच मोजतो. आज ती कोण मोजतं? नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणून मोजली जाणारी बीडची ऊसतोड जोडी. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, ती फेडेपर्यंत पहाटेपासून रात्रीपर्यंत तोड, आणि एक दिवस पडून राहिलं तर खाडा, म्हणजे दंड. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, बाळंतपणात पडतो, दुखण्यात पडतो. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली.

१३,८६१.

हा आकडा मी मुद्दाम दोनदा वाचला. चहात साखर ढवळताना तो आठवावा म्हणून नाही. साखर टाळून त्यातल्या एकीचंही काही भलं होणार नाही. तो आठवावा तो ऊस-धोरण ठरवताना. उसाचा दर ठरवणाऱ्या सूत्रात बियाणं आहे, खत आहे, पाणी आहे, मजुरीही आहे. या बाईचं गर्भाशय त्यात कोणत्या रकान्यात धरलं आहे?

आणि ज्वारीच्या रानातही बाईच आहे, हेही आपण झाकू नये. भाकरी पौष्टिक आहे असं भाषण करणं सोपं. ती थापायला रोज पहाटे चुलीपुढे कोण बसतं? पोळीपेक्षा भाकरीला कष्ट जास्त, आणि ती गरमच हवी असते. ज्वारी परत आणायची आणि तिचा सगळा भार घरातल्या बाईवर टाकायचा, असलं परत आणणं मला मान्य नाही. सोलापुरात बचतगटांच्या बायका कडक भाकरी करून विकतात, ती महिनामहिना टिकते. खुडायला, मळायला, थापायला यंत्र लागणार असेल तर ऊसतोडणीच्या यंत्रांना अनुदान देणाऱ्या राज्यानं त्यालाही द्यावं.

तर करायचं काय? मला जे घडलेलं ठाऊक आहे तेच सांगतो.

सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावर झहीराबाद लागतं. आपल्यासारखंच कोरडं रान, तीच ज्वारी. दिवंगत पी. व्ही. सतीश यांच्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीबरोबर तिथल्या खेड्यांतल्या दलित बायकांचे संघम १९८० च्या दशकापासून काम करत आले आहेत. १९९० च्या दशकात या बायकांनी स्वत:चं रेशन उभं केलं. गावात पडीक पडलेल्या जमिनी हेरल्या. त्या कसायला लहान शेतकऱ्यांना पैसे उसने दिले. परतफेड पैशात नाही, ज्वारीत घेतली. ती ज्वारी गावातच साठवली आणि गावातल्या सगळ्यांत गरीब घरांना स्वस्तात दिली. गरीब कोण हे तहसीलदारानं ठरवलं नाही. गावानं बसून ठरवलं. पडीक रान उगवलं, मजुरी मिळाली, कडबा मिळाला, आणि धान्य गावाची वेस न ओलांडता उपाशी घरात गेलं. ज्यांना गावानं कधी पाटीलकीच्या ओट्यावर बसू दिलं नाही, त्या बायकांच्या हातात कोठाराची किल्ली आली. दामाजींची गोष्ट तिथं एका पायरीनं पुढे गेली, असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण त्याहून जवळचं. भीमेपलीकडे विजापूर. भाषा वेगळी, भाकरी तीच. कर्नाटक सरकार नाचणी आणि ज्वारी हमीभावानं विकत घेऊन दक्षिणेकडे नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी रेशनवर देत आलं आहे. आपल्याकडेही काही जिल्ह्यांत काही महिन्यांपुरती ज्वारी रेशनवर येते. पण मध्येच येणारी आणि मध्येच थांबणारी ज्वारी शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी काहीच सांगत नाही. त्याला हस्ताच्या पावसात कळायला हवं की फेब्रुवारीत आपल्या दारात गिऱ्हाईक येणार आहे. पाच वर्षं येणार आहे.

ब्राझीलनं २००९ मध्ये कायदा केला की शाळांच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के लहान शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यात खर्च झाले पाहिजेत. आपल्या तालुक्यात शाळा किती आहेत? अंगणवाड्या किती, वसतिगृहं किती, तुरुंग, दवाखाने किती? त्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत वर्षाला किती धान्य शिजतं, याची बेरीज कोणी केली आहे का? ती बेरीज म्हणजे ज्वारीचं उभं गिऱ्हाईक. त्यात तूर घाला, हरभरा घाला, स्थानिक अंडी घाला. या बेरजेसाठी वेगळी क्रांती लागत नाही, तालुक्याच्या खरेदीचा एक कागद बदलावा लागतो.

आणि पाणी. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम साधे होते. पाणी जमिनीच्या हिशेबानं नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबानं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि उसाला पाणी नाही. पन्नास वर्षं झाली. हे नियम अव्यवहार्य आहेत असं मला अनेकांनी सांगितलं. चारेक टक्के जमिनीला सिंचनाचा सिंहाचा वाटा, हा कुठला व्यवहार, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

गुरुजींच्या कणगीकडे परत येतो. तिथं कोणी किती ओतलं ते लिहिलं जात नव्हतं. आज प्रत्येक दाण्याची नोंद होते. रेशनच्या दुकानात अंगठा लावला की यंत्रातून एक बारीक पावती बाहेर येते. तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात या महिन्याची असेल. घरी गेल्यावर ती नीट वाचा. तिच्यावर गहू आहे, तांदूळ आहे, किलो आहेत. २०१३ च्या कायद्यात तीन धान्यांचे दर लिहिले होते: तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, आणि भरडधान्य १ रुपया. तिसरं नाव कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. या २६ जानेवारीला आपापल्या गावात ग्रामसभा भरेल. तिच्यापुढे ठेवायच्या ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे: आमच्या गावची ज्वारी हमीभावानं घ्या आणि आमच्याच दुकानात, आमच्याच अंगणवाडीत ती द्या. प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जा, आणि सभेला घरातल्या बायकांना पुढे बसवा. रानात कणसं त्याच खुडतात.